सल्ला हवा: इंग्रजी मेलमध्ये म्हणी-वाक्प्रचार कसे बसवायचे?

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. परदेशी पार्ट्यांचे मेल माझ्याकडेच असतात. शाळेपासूनचे इडियम अर्थासकट पाठ आहेत, पण वाक्यात घातले की ठिगळ लावल्यासारखे दिसतात. खालची वाक्यं उद्याच्या मेलात जायची आहेत, बघून सांगा. एखादं पुस्तकही सुचवा.
१) वी आर बर्निंग मिडनाइट ऑइल्स फॉर युअर ऑर्डर.
२) इन डाइंग (रंगाईत) वी डिड अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन.
३) शिपिंग एजंट इज पुलिंग अवर लेग.

सातरस्ता:
तिन्ही काढा की ओ. माल कधी निघणार ती तारीख लिहा, पार्टी खूश.

खडूफळा:
सातरस्ता, निम्मं पटलं. पण विचारलंय तर सांगतो.

पहिल्यात 'द' गळालाय आणि 'ऑइल'चं उगाच अनेकवचन झालंय. वाक्प्रचारातलं क्रियापद काळाप्रमाणे बदलतं, नामाला आणि आर्टिकलला मात्र सहसा हात लावायचा नसतो. 'वी हॅव बीन बर्निंग द मिडनाइट ऑइल' हे बरोबर. तरी ते रात्री जागून अभ्यास किंवा टेबलावरचं काम करणाऱ्याला शोभतं. माग रात्रपाळीत चालवणार असाल तर 'वी हॅव ॲडेड अ नाइट शिफ्ट' लिहा.

दुसरी म्हण आहे: वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो. तिला स्वतःचं क्रियापद आहे, म्हणून ती 'वी डिड'पुढे बसतच नाही. आधी आपलं वाक्य संपवा, पूर्णविराम द्या, मग म्हण. पण साहेब, तुम्ही टॉवेल विकता! 'स्टिच' वाचून समोरचा कडेच्या शिलाईचे फोटो मागवेल.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. 'पुल समबडीज लेग' म्हणजे थापा मारून गंमत करणं. एजंट कागद अडवून बसलाय ना? मग 'द एजंट इज होल्डिंग अप अवर पेपर्स' म्हणा.

इडियमच्या याद्यांची पुस्तकं नकोत, त्यात अर्थ मिळतो, वापर नाही. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी घ्या. ती तयार करणारे हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिथल्या कामातून ती झाली. १९४२ साली पहिल्यांदा तिथेच छापली, १९४८ला ऑक्सफर्डने काढली. म्हणजे मुळातच इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठी. नोंदीच्या शेवटी वाक्प्रचार आणि पुढे 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' असे शेरे असतात. ते शेरे आधी वाचा. नाहीतर पार्टीचे वडील वारले की 'किक्ड द बकेट' (आपल्याकडच्या 'गचकले'सारखं) लिहून मोकळे व्हाल.

चाटीगल्ली:
भर घालते. त्या डिक्शनरीत कुठे 'युअर' छापलेलं असतं, कुठे 'समबडीज'. 'बाइट युअर टंग' (ओठावर आलेलं बोलणं गिळणं) मधली जीभ कर्त्याचीच, म्हणून 'ही बिट हिज टंग'. 'समबडीज' असेल तिथे दुसऱ्याचं घालायचं: 'ही पुल्ड माय लेग'. माझ्या क्लासच्या मुलांचे सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. तोच 'युअर' तसाच उतरवून मोकळी होतात.

टॉवेलवाला:
आभार मंडळी. तारीख टाकली, तिन्ही काढली. शेवटी एकच ठेवतोय, 'प्रॉडक्शन इज बॅक ऑन द ट्रॅक'. चालेल?

खडूफळा:
'द' काढा, चालेल.