अनुभव धागा : हिरड्यांतून येणारे रक्त आणि दात साफ करून घेण्याची भीती

धागाकर्ती : गावाकडचे घर आवरताना आजीची मशेरीची डबी हाती लागली. आजी तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायची, त्याची पूड करायची आणि पहाटे चुलीपाशी बसून ती बोटाने हिरड्यांवर चोळायची. तिचे दात किडले नव्हते, पण साठीच्या आतच एकेक हलू लागला आणि पडत गेला. घरात सगळे त्याला वयोमान म्हणत. तो पायरिया, म्हणजे दातांभोवतीचे हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार होता, हे मला फार पुढे समजले. आता आईला डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितले आहे आणि दात ढिले होतील या भीतीने ती तयार होत नाही. आपल्या घरचे अनुभव कृपया लिहावेत.

सातारकर : माझ्या वडिलांचीही समजूत हीच होती, की साफ केले की दात ढिले होतात. त्यांच्या खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाचा जाड थर बसला होता. तो निघाल्यावर जिभेला फट लागू लागली, थंड पाणी झोंबू लागले आणि ते डॉक्टरांवर रागावले. वास्तविक दातांभोवतीचे हाड आधीच झिजलेले होते, फक्त ती जागा कीटणाने व्यापली होती. झोंबणे काही दिवसांत कमी झाले आणि रक्तही थांबले. आईंना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

एक दंतवैद्य : वरील प्रतिसाद अगदी योग्य आहे. डेन्मार्कमध्ये 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी हिरड्यांच्या तरुणांनी दात घासणे थांबवले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. हाड झिजले की मात्र ते आपोआप भरून येत नाही, आजार तिथेच थोपवावा लागतो. हिरडी आणि दात यांमधली खाच साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. ती त्याहून खोल गेली की घरचा ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही आणि आतली सफाई दवाखान्यातच करावी लागते. तंबाखूमुळे, विशेषतः धूम्रपानाने, रक्त कमी येते, म्हणून अशांचा आजार उशिरा ध्यानात येतो, याची मला फार काळजी वाटते.

नाशिकहून : वहिनींना गरोदरपणात ब्रश करताना रक्त यायचे, म्हणून सासूबाईंनी ब्रश बंद करून नुसत्या चुळा भरायला लावल्या आणि सूज वाढली. डॉक्टरांनी सांगितले, की संप्रेरकांमुळे या काळात हिरड्या हळव्या होतात आणि म्हणूनच स्वच्छता जास्त हवी. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवू लागल्यावर त्यांना उतार पडला.

ठाणेकर : काकांच्या हिरड्या दातांवर चढू लागल्या होत्या, कारण निघाले रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी. ती डॉक्टरांनी बदलून दिली. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे दंतवैद्यांना जरूर सांगावे.

सातारकर : क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या वडिलांनी मनानेच बरेच दिवस चालू ठेवल्या आणि दातांवर तपकिरी डाग पडले. त्या सांगितलेल्या मुदतीपुरत्याच घ्याव्यात.

धागाकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. सातारकरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. शनिवारची वेळ घ्यायला ती तयार झाली आहे. तिला मधुमेह आहे आणि रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. ती गोळी आदल्या दिवशी थांबवावी का?

एक दंतवैद्य : स्वतःहून मुळीच थांबवू नये, ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना, दोघांनाही विचारावे. साखरेचा अलीकडचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा) अहवाल सोबत न्यावा. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, म्हणून दोन्ही उपचार बरोबरीने चालले पाहिजेत. आईंना सकाळी नेहमीचे खाणे आणि औषधे देऊनच न्यावे.