आयटी प्रकल्प सल्लागार : आधी कोडिंग की आधी पीएमपी?

कोथळीगड : निदान चार वर्षं कोडिंग किंवा टेस्टिंग केल्याशिवाय कोणी आयटी प्रकल्पांचा सल्लागार होऊ नये, या मतावर मी ठाम आहे. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राला पदवीधराकडून ३६ महिन्यांचा प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण मागतात, कोडची एक ओळही लिहिलेली असायची अट नाही. मग पतसंस्थेच्या नव्या सिस्टीमच्या प्लॅनमध्ये 'डेटा मायग्रेशन : ५ दिवस' (म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवणं) एवढंच येतं. जुनी मराठी नावं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात. तिथे अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात : 'किरण'मधली वेलांटी क-च्या आधी, 'सर्जेराव'मधला रफार ज-च्या नंतर. नव्या सिस्टीम वापरतात त्या युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. डेटा तसाच उचलून टाकला की खातेदारांच्या नावांची वाट लागते. कन्व्हर्टर, दोन-तीन रंगीत तालमी आणि शाखेतल्या माणसाकडून नावांची पडताळणी, एवढं सगळं पाच दिवसांत उरकत नाही.

सांजवारा : अजिबात पटलं नाही. 'पहिल्याच आठवड्यात जुनी शंभर खाती नव्या सिस्टीममध्ये उघडून दाखवा' म्हटलं की हे आपोआप उघडं पडतं, त्याला कोड कशाला यायला हवा? उलट कोडिंगमधून आलेले लोक क्लायंटच्या मागण्या सहीशिवाय घेतात, कारण 'दोन तासांचं काम आहे'. कोड दोन तासांचा असतो हो, पण रिग्रेशन टेस्टिंग (आधीचं काही बिघडलं नाही ना, ही तपासणी) आणि यूएटी (क्लायंटच्या माणसांनी स्वतः वापरून बघणं) धरून दोन दिवस जातात. आणि पैशाचं काय? बजेट ४० लाख, मुदत १० महिने. पाचव्या महिन्याअखेर २० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं १६ लाखांचं, खर्च मात्र २२ लाख. १६ भागिले २२ म्हणजे सीपीआय, खर्चलेल्या एका रुपयामागे झालेलं काम, ०.७३. याच गतीने शेवट ५५ लाखांवर. हे पाचव्या महिन्यात क्लायंटला तोंडावर सांगणं, हेच सल्लागाराचं काम.

कोथळीगड : गणित चोख आहे. पण ते १६ लाख ठरवले कोणी? डेव्हलपर 'नव्वद टक्के झालं' म्हणतो, तुम्ही नव्वद टक्के मोजता. कोड प्रकल्पाच्या मुख्य कोडमध्ये मिसळला (मर्ज) गेलाय का, टेस्ट सर्व्हरवर चालतोय का, हे स्वतः बघता येत नसेल तर सीपीआयसुद्धा ऐकीवच.

सांजवारा : म्हणून तर शून्य-शंभरचा नियम. टेस्टरने पास म्हटल्याशिवाय त्या कामाचे शून्य रुपये. मात्र कामं लहान पाडावी लागतात, फार तर आठवड्याभराची. दोन महिन्यांचं एकच काम असेल तर दोन महिने आकडा हलतच नाही आणि क्लायंट उगाच घाबरतो.

घाटवाट : बिझनेस अॅनालिस्टची वाट दोघेही विसरलात. पतसंस्थेत तारण कर्जाची नोंद कशी होते, दिवसअखेर कसा बंद करतात, हे ज्याने टेबलाशी बसून लिहून घेतलंय, त्याला 'पास'चे निकष आधी लिहिता येतात. ते नसतील तर टेस्टर कशाच्या जोरावर पास म्हणणार?

कोथळीगड : निकषांचं मान्य. पण अॅनालिस्ट म्हणून तरी दोन पूर्ण गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होताना, पाहिलेले हवेत. पीएमपी त्यानंतर.