करारावर सही आधी, संसदेला माहिती नंतर: हे बदलायला नको का?

खाडीपलीकडे
२४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यामुळे असा करार पक्का करण्याआधी संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो. कॉमन्सने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, त्याविरुद्ध ठराव केला, तर सरकारला थांबावं लागतं आणि कारणं द्यावी लागतात. आपल्या सरकारवर तोच करार लोकसभेपुढे ठेवून मान्यता घेण्याचं बंधन नाही.

राज्यघटनेने दार बंद केलेलं नाही. संघसूचीतल्या १४ व्या नोंदीत परदेशांशी करार करणं आणि ते राबवणं हा विषय आहे, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. तो कायदा संसदेने कधी केलाच नाही. २००२ मध्ये राज्यघटनेचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने तसं सुचवलं, तेही कागदावरच राहिलं. त्यामुळे खासदार प्रश्न विचारतात ते बहुतेक वेळा सही झाल्यावर.

कच्चथीवूचंच बघा. रामेश्वरमजवळचं २८५ एकरांचं बेट. जून १९७४ मध्ये श्रीलंकेशी करार झाला आणि लोकसभेत निवेदन आलं २३ जुलैला. द्रमुकचे इरा सेझियन त्या दिवशी तळमळून बोलले, पण बोलून बदलणार काय होतं? १९७६ मध्ये, आणीबाणीत, नुसत्या पत्रांच्या देवाणघेवाणीने एकमेकांच्या हद्दीतली मासेमारीही बंद झाली. ज्या कोळ्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांच्या प्रतिनिधींना आधी कुणी विचारलं नाही. पन्नास वर्षं झाली, तो वाद अजून निवडणुकीत निघतो.

माझं म्हणणं एवढंच: महत्त्वाचा करार पक्का होण्याआधी ठरावीक दिवस संसदेच्या पटलावर राहावा, आणि तिच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीने त्यावर अहवाल द्यावा. असा कायदा व्हावा.

तटबंदी
पूर्ण असहमत. १९७४ चाच दुसरा करार घ्या. १६ मे १९७४ ला इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी भू-सीमा करारावर सह्या केल्या. भारताची १११ गावठाणं बांगलादेशाच्या पोटात, त्यांची ५१ आपल्या पोटात; त्यांची अदलाबदल करायचं ठरलं. तिथल्या लोकांना ना शाळा, ना रेशन, ना मत. बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगून ठेवलं होतं की भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, म्हणजे संसद आलीच. काय झालं? शंभरावी घटनादुरुस्ती मे २०१५ मध्ये मंजूर झाली. एक्केचाळीस वर्षं! पन्नास हजारांवर माणसांनी ती कुठल्याच देशाचं नसल्यासारखी काढली. २०१३ मध्ये विधेयक आलं तेव्हा आसाम आणि बंगालमधल्या पक्षांनी अडवलं, कारण 'जमीन दिली' असं मतदारांपुढे म्हणवून घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती.

दुसरं उदाहरण १९५९ चं. नेहरूंनी सीमेबद्दल चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका काढून संसदेपुढे ठेवला. नंतरचं प्रत्येक पत्र उद्या छापून येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक झालं. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीत आले तेव्हा नेहरूंना एक पाऊलही मागे घेता येणार नाही अशी हवा होती. तडजोड ही बंद दाराआडच होते. समोरच्याला आपली शेवटची मर्यादा कळली की वाटाघाट संपते.

डहाणू लोकल
मोठ्या करारांचं तुम्ही बघा, मी आमच्याकडचं सांगतो. पालघर, डहाणू, तलासरीची आदिवासी पोरं ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. पाकिस्तानी नौका पकडून नेतात आणि पुढे कराचीचा तुरुंग. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. आपला माणूस यादीत आहे का, हे घरच्यांना कळायला महिने जातात.

अशा वेळी खासदाराचा एक अतारांकित प्रश्न किती कामाचा असतो! किती मच्छीमार कैदेत, किती जणांची शिक्षा पूर्ण झाली, किती जणांची राष्ट्रीयत्व पडताळणी बाकी, याचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावं लागतं. तो कागद घेऊन कार्यकर्ते तहसीलदारापासून दिल्लीपर्यंत जाऊ शकतात. परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त शिखर परिषदा असं समजणाऱ्यांचा मला राग येतो.

कायद्याची वही
डहाणू लोकलशी सहमत, आणि म्हणूनच खाडीपलीकडे यांना विरोध. साधनं आहेत, ती वापरा. तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतो, लोकसभेच्या नियम १९३ खाली चर्चा मागता येते, लक्षवेधी आहे. अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या वेळी मनमोहन सिंग यांना २००५ पासून पुन्हा पुन्हा सभागृहात येऊन निवेदनं करावी लागली. १७ ऑगस्ट २००६ ला राज्यसभेत त्यांनी डाव्यांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिलं. शेवटी २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठरावावर २७५ विरुद्ध २५६ अशी मतं पडली. करारावरून सरकारच पणाला लागलं, याहून मोठी जबाबदेही कोणती? त्यासाठी वेगळा कायदा लागला नाही.

खाडीपलीकडे
कायद्याची वही, २००८ मध्ये सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं म्हणून ते घडलं. भक्कम बहुमत असतं तर? हक्क आकड्यांवर अवलंबून असू नये. आणि साधनांचं म्हणाल, तर लोकसभेच्या नियम ४१ मध्ये मित्रदेशाबद्दल अनुदार उल्लेख नको, स्वभावतः गुप्त बाबी विचारू नका, अशा अटी आहेत. नियम २७० खाली समितीने मागितलेला कागदही राज्याच्या सुरक्षेचं किंवा हिताचं कारण सांगून नाकारता येतो. सप्टेंबर २०२० मध्ये, गलवानला जेमतेम तीन महिने झाले असताना, कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. लेखी उत्तरं मिळाली, पण मंत्र्याला उभं करून उपप्रश्न विचारता आला नाही. ज्या अधिवेशनात तो सर्वांत जास्त हवा होता, नेमकं तेव्हाच!

तटबंदी, अक्साई चीनमधला चीनचा रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला. ऑक्टोबर १९५८ मध्ये आपण चीनला निषेधाचं पत्र दिलं. संसदेला कळलं ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस. लोक संतापले ते जमीन गेल्यामुळे तर खरंच, पण तितकेच लपवल्यामुळे. १९५८ मध्येच विश्वासात घेतलं असतं तर १९६० मध्ये नेहरूंना थोडी तरी मोकळीक मिळाली असती, असं माझं ठाम मत आहे.

तटबंदी
किंवा १९५८ मध्येच युद्धाची मागणी झाली असती. दोन्ही शक्यता आहेत.

बांधावरून
शेतकरी म्हणून लिहितो. डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावरून, आमच्या गावात भांडणं झाली होती. शरद जोशी बाजूने, कर्नाटकातले नंजुंडस्वामी विरोधात, आणि आम्ही दोघांचंही ऐकत होतो. चर्चा गावोगाव झाली, पण एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोत माराकेशला करारावर सही झाली ती सरकारच्या अधिकारात. मग त्या करारानुसार पेटंट कायदा बदलायचं विधेयक १९९५ मध्ये राज्यसभेत अडकलं. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आपण १९९७ मध्ये हरलो आणि १९९९ मध्ये मुकाट्याने कायदा बदलला. संसदेला उशिरा विचारलं की तिच्या नकाराला किंमत उरत नाही.

तरी दुसरी बाजूही सांगतो. २००५ मध्ये त्याच पेटंट कायद्याची दुरुस्ती सभागृहात आली तेव्हा डाव्या खासदारांनी आग्रह धरून कलम ३(ड) कडक करून घेतलं: जुन्याच औषधात किरकोळ बदल केला म्हणून नवं पेटंट नाही. त्याच कलमावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिसचा रक्तकर्करोगाच्या औषधावरचा दावा फेटाळला. कराराच्या चौकटीत राहूनही खासदारांना एवढं करता आलं. सहीच्या आधी विचारलं असतं तर बियाण्यांबाबत काय काय मिळवता आलं असतं, हे मला सतत वाटत राहतं.

कायद्याची वही
३(ड) चं उदाहरण जोरदार आहे. पण तो विजय करार राबवणाऱ्या कायद्यावरच्या चर्चेत मिळाला, आणि ती चर्चा आजही होतेच.

खाडीपलीकडे
जिथे कायदा बदलावा लागतो तिथेच होते. कच्चथीवूत लागला नाही, म्हणून झाली नाही.

गावठाणांच्या एक्केचाळीस वर्षांचं उत्तर राहिलं होतं. तटबंदी, तो उशीर खरा आणि लाजिरवाणा. पण गाठ सुटली ती कुठे? विधेयक स्थायी समितीकडे गेलं, डिसेंबर २०१४ मध्ये समितीने विलंब न करता ते मंजूर करा असा अहवाल दिला, आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत पडलं नाही. अशा समित्या १९९३ पासूनच्या. १९७४ मध्ये अशी समिती असती आणि तिला सहा महिन्यांची मुदत असती तर? म्हणून मी मुदतीचा आग्रह धरतो. पटलावर करार ठेवायचा, पण दिवस ठरवून. त्यात संसद काही बोलली नाही तर सरकार मोकळं.

तटबंदी
मुदत बंधनकारक असेल आणि वाटाघाटी चालू असतानाचे कागद मागितले जाणार नसतील, तर व्यापार आणि मासेमारीच्या करारांपुरतं मला चालेल. सीमेच्या करारांना नाही. तिथे माझा विरोध कायम.