वस्तुचित्राचा तास : तुमच्यासमोर काय मांडलं होतं?

लेक नववीत आहे, यंदा इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेला बसतेय. दोन आठवडे झाले, जेवायच्या टेबलावर स्टीलची किटली, दोन कांदे, एक वांगं आणि मागे सोडलेली निळी ओढणी असा ग्रुप मांडलाय. आम्ही खाली बसून जेवतो. काल तिनं किटलीचं तोंड सात-आठ वेळा खोडलं, कागदाचा पार लगदा झाला, तरी उठेना. दहावीला या परीक्षेतल्या ए श्रेणीचे 7, बीचे 5, सीचे 3 गुण मिळतात म्हणून मुलांना बसवतात, त्यात वाईट काही नाही. पण मला त्या तासाबद्दल ऐकायचंय. काय मांडलं होतं, कुठे अडलं, काय गवसलं? सविस्तर लिहा.

सांगलीहून

तांब्या आणि फुलपात्र. तांब्याचं तोंड मी लंबगोल काढलं आणि बूड सरळ रेघेत. टेबल सपाट, म्हणजे बूडही सपाटच असणार ना! सर मागे येऊन उभे राहिले. मग तांब्याला तीन ठिकाणी दोरा बांधला, गळ्याशी, पोटावर आणि बुडाशी. म्हणाले, "आता तांब्या काढू नकोस, दोरा काढ." तेव्हा दिसलं. गळ्याचा दोरा चपटा, पोटावरचा जरा उघडलेला, बुडाचा सगळ्यात गोलसर. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं वर्तुळ उघडत जातं. आणि लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरा नसतो, तिथेही रेघ वळतेच. आजही चहा पुढ्यात आला की आधी कपाचा गोल आणि बशीचा गोल ताडून पाहते.

नांदेडहून

वस्तू घरून आणायच्या असत. कुणी पितळी कलश आणला, कुणी काचेची बरणी. आमच्याकडे होतं जर्मनचं पातेलं, जागोजागी पोचे पडलेलं. मी ते दप्तराखाली लपवून ठेवलं होतं. बाईंनी काढायला लावलं, खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं आणि तेच मधोमध मांडलं. "गुळगुळीत भांड्यावरून उजेड घसरून जातो, इथे बघा कसा प्रत्येक पोच्याला थांबतोय." सगळ्या वर्गानं त्या दिवशी आमचं पातेलं काढलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आधी बोलला असतास तर घासून दिलं असतं." ते चित्र तिनं देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं.

पुण्याहून

मला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं. सातवीत टोमॅटो आणि त्याचं देठ एकाच रंगात रंगवलं तेव्हा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या रंगांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, नावं लिहिली आणि एक 4बी पेन्सिल दिली. "डोळे किलकिले करून बघ. सगळ्यात गडद कुठे, सगळ्यात उजळ कुठे, एवढंच शोध." डोळे किलकिले केले की रंग मागे पडतात आणि छाया-प्रकाश पुढे येतो. त्या बाबतीत मी कुणापेक्षाही कमी नव्हतो. पुढे इंटरमिजिएटला बी श्रेणी मिळाली. ती पेन्सिल बोटभर उरली आहे, अजून ठेवली आहे.

नागपूरहून

परीक्षेच्या केंद्रावर पर्यवेक्षकांचा धक्का लागून मांडलेला पाण्याचा जग फिरला. ज्यांना कान दिसत होता त्यांना तो दिसेना, मला आधी दिसत नव्हता तर आता दिसू लागला. कुणी पुन्हा नीट करून दिला नाही. खूप रडले होते तेव्हा. मुलांच्या मेहनतीची एवढी तरी कदर हवी.

सावंतवाडीहून, निवृत्त कलाशिक्षक

ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून 31 वर्षं शिकवलं. मुलं माप घेताना कोपर वाकवतात आणि दर वेळी माप बदलतं. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी, हे अंगवळणी पडायला महिना जातो. वांग्याची चकाकी जलरंगात वरून पांढरा लावून काढू नये, तेवढा कागद कोरा राखावा. आणि पडछायेला बाटलीतला काळा नको. वांग्याशेजारच्या सावलीत जरा जांभळं येतंच, नीट पाहिलं तर दिसतं. आमच्या गावचे चित्रकार सावळाराम हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं त्यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र मी दरवर्षी वर्गात दाखवायचो. ज्योत हातानं झाकलेली आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. तेही जलरंगच! मुलं गप्प होऊन बघत राहायची. आता कित्येक शाळांत चित्रकलेला वेगळा शिक्षकच नाही, याचं फार वाईट वाटतं.

धागा सुरू करणारी

सावंतवाडीच्या सरांचं लेकीला वाचून दाखवलं. ती उठून वांग्याची सावली बघायला गेली, बराच वेळ तिथेच होती. दोऱ्याची युक्तीही केली, किटलीला माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा बांधलाय. एका कांद्याला कोंब फुटलाय. बदलून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली, त्या पोपटी रंगात पिवळा किती घालायचा ते अजून जमत नाहीये तिला.