अनुभव धागा : नाव सांगितलं आणि...

फणसपोळी
दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असं अशोकाने बाराव्या शिलालेखात कोरून ठेवलंय. अकबर-औरंगजेबावर आपला वाद घालून झालाय, आता पुरे. मुंबईत नाव-आडनाव कळल्यावर पुढे काय झालं, तेवढंच लिहा. फॉरवर्ड नकोत.

माझ्यापासून सुरुवात. ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी भाड्याने घर शोधत होतो, घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत. फोन मी करायचे. एजंट मधाळ : "वन बीएचके, स्टेशनपासून सात मिनिटं, आजच बघून घ्या मॅडम." तिचं नाव कळलं की तीच जागा "आत्ताच गेली". एकाने खरं सांगितलं, "ओनरला चालतंय हो, कमिटी एनओसी नाही देणार." नंतर मैत्रिणीनेच मला शहाणं केलं. म्हणाली, नाव आधी सांगत जा, रिक्षाचे पैसे वाचतात.

(अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. आमच्या कमिट्यांना तेवढाही आधार लागत नाही.)

स्लो लोकल
जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगलीचे दिवस. मी आठवीत, दादरच्या चाळीत. समुद्रातून हत्यारं उतरणार अशी आवई उठली आणि चौपाटीवर गाड्यांचे दिवे पाण्याकडे रोखून लोक रात्रभर उभे. आमच्या गल्लीतही पहारा. हातात स्टंप, कुणाच्या तरी घरून चहाची किटली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. शाळा बंद, वर जागायची परवानगी.

चौथ्या दिवशी आईने चहाबरोबर शिळी पोळी ठेवली. पाव का नाही? तर म्हणाली, "पाववाला येत नाही." सायकलला टोपली, रबरी भोंगा, पहाटे सहाला जिन्याखाली हजर. दहा वर्षं त्याचा पाव खाल्ला, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गावी गेला असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला तेव्हा मी कॉलेजात होतो. मृत ९००, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. आकडा वाचला आणि इतक्या वर्षांनी तो भोंगा आठवला.

शनवार तेली
आडनावाच्या शेवटी 'कर' असल्याने मला सहसा कुणी काही विचारत नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोकणात आमचे तेलाचे घाणे, शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. आमचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ चं, आणि आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची! घरी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. शेजारच्या काकू तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखा उजव्या हातावर घेऊन डोळ्यांना लावायच्या.

२००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउस या ज्यूंच्या केंद्रावर हल्ला झाला. त्यानंतर एका शनिवारी प्रार्थनेला गेलो, तर दारावरचा हवालदार माझं लायसन्स उलटसुलट करून बघतोय. "साहेब, आडनाव तर आपलंच दिसतंय. इथं काय काम?"

"आपलंच आहे," म्हटलं आणि आत गेलो.

काजूगर
"तुमचं मराठी किती छान हो!" हे ऐकून ऐकून कान किटले. रत्नागिरीचे आम्ही, दुसरं काय बोलणार? असो. मला सांगायचंय ते आमच्याच घरातलं.

माहीमला मखदूम बाबांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा. वर्दीतले अधिकारी डोक्यावर चादर घेऊन येतात, पुढे बँड. नानी मला खांद्यावर बसवून दाखवायची. आता चुलतभाऊ सांगतो, दर्ग्यात जाणं हराम. नानी म्हणाली, "तू त्याच दर्ग्याच्या नवसाचा हायस मेल्या." तेव्हापासून त्याने तिच्या हातचं न्याजचं, म्हणजे बाबांच्या नावाने केलेलं, खाणं बंद केलं. ती अजूनही त्याचं ताट वाढते. आणि हाजीअलीला बायकांना मजारीपर्यंत जायची बंदी आली ती २०१२ च्या सुमाराला. हायकोर्टाने २०१६ साली उठवली. नानी त्याआधी कितीदा आत जाऊन आलेली!

तीस दिवस
दोघांचे धर्म वेगळे, म्हणून स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न. तीस दिवस आमची नावं-पत्ते नोटीस बोर्डावर. अकराव्या दिवशी तिच्या घरी अनोळखी फोन : "तुमची मुलगी कुणाशी लग्न करतेय, माहितीये का?" सासरे म्हणाले, "माहितीये. तुम्ही जेवायला येणार का?" नंतर ते माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, ते वेगळं.

डावा पाय
मोतमाउलीच्या, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या, जत्रेचं कुणीच कसं लिहिलं नाही? आमची आई पक्की सोवळ्यातली, पण गुडघा धरला तशी सप्टेंबरात वांद्र्याला निघाली. टेकडीवर माउलीला नवसाने वाहायचे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली. स्टॉलवरच्या ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती) मावशीने नाव-गाव काही विचारलं नाही. "डावा का उजवा?"

आई म्हणाली, डावा.

"डावे संपले. उजवा ने, माउलीला कळतंय."

आई हटेना. मागे रांग खोळंबली. शेवटी मावशीच्या मुलाने गोणीच्या तळातून एक डावा काढला, टाच उडालेली. आईने त्यातही दहा रुपये कमी करून घेतले. गुडघ्याचं म्हणाल, तर पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं.