जादूच्या पुस्तकांचं वेड अजून आहे का कुणाला?

पुस्तककिडा: लहानपणी वाचलेली परी-राक्षस-जादूवाली पुस्तकं डोक्यातून गेलीत का तुमच्या? मी अजूनही नवीन पुस्तक हातात आलं की आधी नकाशा आहे का बघतो, नसला की उगाच हिरमुसतो..

चेटकीण: हाहा सेम! मला हॉबिटने लावलं हे, १९३७ च्या त्या पुस्तकातले नकाशे लेखक टॉल्किनने स्वतःच काढलेत, आणि फक्त चांदण्यात दिसणारी अक्षरं वाचल्यावर मी कित्येक कोरे कागद रात्री खिडकीत धरून बघितलेत

उंटावरचा: आता वाचवत नाहीत बुवा, राजकुमार गोरा नि राक्षस काळा, डोकंच फिरतं.

चेटकीण: ते खरंय, पण जाडजूड पुस्तक न कंटाळता संपवायचा दम तिथूनच आला ना?

उंटावरचा: हो, ते मान्य. परवा भाचीला वाचून दाखवलं तर तिने सरळ राक्षसाचीच बाजू घेतली 😄