मदत हवी आहे : तोंडी हिशोब पटकन कसे जमतील?

नमस्कार मंडळी. सांगलीत राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, आणि माझा निम्मा वेळ गुणाकारातच जातो. रीत येते, पण आकडे कागदावर मांडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. परवा विचारलं, १४५ रुपये किलोने ३८ किलो? मी पेन शोधेपर्यंत म्हणाले, "५,५१०. चाळीस किलोचे ५,८०० धर, दोन किलोचे २९० वजा कर." त्यांना पावकी, निमकी, दीडकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) सगळं पाठ. मी सतराच्या पाढ्यालाच अडखळतो.

आता या वयात पावकी-दीडकी पाठ करून खरंच फरक पडतो का, की ३० पर्यंतचे पाढे आणि वर्ग पुरेत? कुणी केलं असेल तर रोजचा सराव कसा केलात ते सविस्तर सांगा ना.